वाढत्या अंगाचा

सावरकरनगरच्या नाक्यावर माझं दुकान.
पाटीवर अजून 'सूट स्पेशालिस्ट' आहे.
पाटीखाली पँटी आखूड करणं, चेन बदलणं,
मॉलमधून आणलेले शर्ट कमरेत आत घेणं.
रेडिमेडनं तुम्हाला खाल्लं, असं लोक म्हणतात.
मला विचाराल तर त्याचंच उष्टं मी खातो.

वेदांतीनं पावतीबुकाच्या पाठकोऱ्या पानावर यादी केली :
प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅमच्या दोन काड्या, ग्राफिक्स कार्ड,
प्रत्येकापुढे दुकानाचं नाव आणि भाव,
बेरीज एक्काहत्तर हजार चारशे.
तीन वर्षांच्या शिकवण्या तिच्या, वर माझी भिशी.
"सुटं सुटं घेऊ बाबा. मी बसवीन."

आणि मी, कापड बेतण्यात हयात घातलेला माणूस,
मी म्हणालो, तयार घे.
ती बघतच राहिली.
तिला काय सांगू, शिवून दिलेल्या कपड्याला
दुकानात परत यायची वाट पाठ असते.
काख दाटते, कॉलर उठते,
गिऱ्हाइकाचं पोट सुटतं आणि दोष मापाला.
तयार मालाशी कुणी भांडत नाही.
तीन वर्षांची वॉरंटी, एक फोन, एक माणूस जबाबदार.
पोरीनं रात्री-बेरात्री स्वतःला बोल लावत बसू नये,
एवढंच होतं मनात.

नौपाड्यात गेलो.
काचेमागे तो उभा, सात रंगांत पेटलेला,
भाड्याच्या शेरवानीतल्या नवरदेवासारखा.
अठ्ठ्याहत्तर हजार. कीबोर्ड फुकट.
मी म्हणालो, उलटा करून दाखवा.
"काका, हा काय सदरा आहे?"
आत पॉवर सप्लाय कुठला, वेदांतीनं विचारलं.
"चांगला आहे."
कंपनी?
"चांगल्या कंपनीचा."
उघडा की मग. तर म्हणे सील तुटलं की वॉरंटी गेली.
चाळीस वर्षं मी कोट हातात घेतला की आधी अस्तर बघतो.
अस्तर लपवणाऱ्याकडून
मी कधी बटणसुद्धा घेतलं नाही.
"चल," म्हटलं, "यादी कुठंय तुझी?"

रिक्षात एकच बदल सुचवला.
साडेपाचशे वॅटच्या जागी साडेसातशेचा घे.
"आत्ता नाही लागणार एवढा, बाबा."
आत्ता नाहीच.
तुझे शाळेचे फ्रॉक मी असेच शिवले,
चार बोटं दुमड आत ठेवून.
वाढत्या अंगाचा असू दे.

रविवारी शटर अर्धं ओढलं.
कटिंगच्या टेबलावरून खडू, कात्री, टेप बाजूला.
तिनं त्या चिपवर मलम ठेवलं, मटाराच्या दाण्याएवढं,
श्वास रोखून, सुईत दोरा ओवावा तसं.
एक स्क्रू निसटला, बोर्डाखाली गेला.
मी सवयीनं टाचण्या उचलायचा लोहचुंबक काढला
आणि ती एवढ्यांदा किंचाळली
की समोरचा झेरॉक्सवाला धावत आला.

साडेदहाला बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.
अकरा वाजले. काळा.
बारा.
"उगाच ऐकलंत माझं," ती म्हणाली,
आणि हेच, नेमकं हेच मला नको होतं.
मी म्हटलं, उसव.
पहिली बाही कुणाची एका दमात बसलीय?
उसवण्यात लाज नाही, फक्त कापड फाडू नकोस.
तिनं रॅमच्या काड्या काढल्या, पुन्हा लावल्या,
अंगठ्यानं दाबल्या, टिचबटण लागतं
तसा आवाज येईपर्यंत.
टक्.
दुसरी जरा अडली. मग तीही.

आता रात्री ती खेळते, मी शेजारी काज करत बसतो.
परवा तिचा शिपाई पाठमोरा धावत होता.
केवढं बारीक काम, चिखलाचे शिंतोडेसुद्धा खरे.
मी चष्मा वर सरकवला.
"वेदे, ह्याच्या कोटाची उजवी बाही
डावीकडे जोडलीय गं."
"कुठं?" म्हणून ती वाकून बघायला लागली
आणि तेवढ्यात कुणीतरी
त्याला मागून गोळी घातली.